कूलरसमोरच्या खुर्चीसाठी अलास्का

थंड प्रदेशातल्या बोटीच्या सफरीला पहिल्यांदाच निघालेल्या प्रवाशांसाठी माझ्याजवळ अत्यंत मोलाच्या सूचना आहेत आणि त्या सगळ्याच्या सगळ्या माझ्या साडूच्या आहेत.

(एक सोडून. ती माझी स्वतःची. पण ती कळायला मला नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरातून निघून अलास्कामार्गे खाप्याला पोचावं लागलं, त्यामुळे ती तुम्हाला आधीच फुकटात सांगणार नाही.)

खापा ही माझी सासुरवाडी. तिथल्या बैठकीत एक कूलर आहे. पत्र्याचा, कपाटाएवढा, आणि चालू झाला की घरातल्या माणसांना एकमेकांशी खुणांनी बोलावं लागतं. त्याच्या बरोब्बर समोर एक वेताची खुर्ची असते. आमच्या नागपूरकडे मे महिन्यात माणसाची किंमत त्याच्या शिक्षणावरून ठरत नाही, तो कूलरपासून किती अंतरावर बसला आहे त्यावरून ठरते. आणि ती खुर्ची लग्न झाल्या दिवसापासून माझी होती. थोरला जावई! धाकटे जावई मिलिंदराव बाजूच्या दिवाणावर बसत आणि माझ्या अंगावरून उरलेली हवा घेत. वर्षानुवर्षं सगळं कसं रीतसर चाललं होतं.

मग मिलिंदराव अलास्काला जाऊन आले.

आता खोटं कशाला बोलू? मी जळलो. साधासुधा नाही, भर उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत पेटतं तसा जळलो. कारण आमचा अनिकेत सिअ‍ॅटलला नोकरीला आहे आणि अलास्काची बोट सुटते ती त्याच गावाहून. म्हणजे बोट आमच्या पोराच्या दारावरून जाते आणि तिच्यात बसून हात हलवतं कोण? कामठीचे मिलिंदराव!

बरं, आले ते आले, येताना फोटो घेऊन आले. मागे निळसर पांढरी हिमनदी आणि पुढे मिलिंदराव. आपल्या गावाची ओळख राहावी म्हणून मुद्दाम घेतलेलं संत्र्याच्या रंगाचं जाडजूड जाकीट, डोक्यावर त्याचीच टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि नाकापर्यंत मफलर. सासूबाईंनी तो फोटो मोठा करून, फ्रेम करून टांगला. कुठे? कूलरच्या वर! त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही सगळे खाप्याला जमलो, तेव्हा मी सवयीनं खुर्चीकडे निघालो, तर सासूबाई मधेच उभ्या.

"मोठे जवाई, तुमी दिवाणावर बसता का जी? मिलिंदराव बर्फातून आले न, त्याइले ऊन नाही सोसत."

"आई, ते मागच्या वर्षी आले बर्फातून!"

"हो, पण थंडी अंगात मुरते न बाप्पा."

मिलिंदराव माझ्या खुर्चीत बसले. वर पाय लांब केले. मी दिवाणावर. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला दुसऱ्याच्या अंगावरून आलेली हवा लागत होती आणि तिला त्यांच्या अत्तराचा वास होता.

परतताना सावनेर यायच्या आतच माझा निर्णय झाला.

"सुनंदा, आपण अलास्काले जाऊन राहिलो."

"आज?" बायको म्हणाली. "रस्त्यात भाजी घ्याची आहे नं."

"मजाक नाही करून राहिलो मी! अनिकेतले फोन लाव."

पोरगा गुणी. त्यानं महिन्याभरात पुढच्या मे महिन्यासाठी दोघांची सोय करून टाकली. मी बातमी कुणालाही सांगायची नाही अशी सक्त ताकीद बायकोला दिली, त्यामुळे ती त्याच संध्याकाळी तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मिलिंदरावांच्या वैशालीला कळली आणि रविवारी सकाळी मिलिंदराव कामठीहून आमच्या दारात हजर! हातात संत्र्याच्या रंगाचं जाकीट.

एक सांगायचं राहिलं. अलास्काहून आल्यापासून मिलिंदराव पुण्यासारखं बोलतात. जाताना "जाऊन राहिलो" म्हणत गेलेला माणूस येताना "जाऊन आलो बरं का" म्हणत आला. मधल्या समुद्रात काय झालं, देव जाणे.

"प्रकाशराव, पहिल्यांदाच जाताय ना, म्हणून मुद्दाम सांगायला आलो," ते म्हणाले. "एक जाड कपडा नेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालावेत. बंदरावर आपली बॅग ते घेतात आणि खोलीत संध्याकाळी पोचवतात, तेव्हा गरम कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा. खोलीचा नंबर असलेला कागद बॅगेला बाहेरून, नीट दिसेल असा बांधा. विजेची उपकरणं नेऊ नका, जप्त करतात. मळमळलं तर हिरवं सफरचंद. आणि हो, थंडीत मोबाइलची बॅटरी पटकन उतरते, तो आतल्या खिशात ठेवा. हिमनदीसमोर मात्र धावाधाव करू नका बरं का, कॅप्टन बोट सावकाश पूर्ण वळवतो, सगळ्यांना दिसतं."

त्यातली एकेक सूचना माझ्या छातीत टाचणीसारखी जात होती. कारण एकेक सूचना बरोबर वाटत होती!

"आणि हे माझं जाकीट न्या. तिकडच्या वाऱ्याला हेच लागतं."

"मायाजवळ काय जाकीट नाही?" मी उसळलो. "हिवाळ्यात गडावर मी हाफ शर्टावर जातो! चहा घेता का?"

ते चहा पिऊन गेले. जाकीट मी त्यांच्या स्कूटरच्या डिक्कीत स्वतःच्या हातानं कोंबलं आणि त्याच क्षणी मनाशी ठरवलं की मिलिंदरावांनी सांगितलेली एकही गोष्ट करायची नाही. त्यांच्या सल्ल्यानं पाहिलेला अलास्का तो माझा अलास्का कसा?

बॅग भरायला मी स्वतः बसलो. तळाशी माझं काळं जाकीट, चांगलं सतरंजीएवढं जाड. स्वेटर, कानटोपी, मोजे, सगळं मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत चिवडा, शेव, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं आणि संत्रा बर्फी.

"हे काय ठेवून राहिले जी?" बायकोनं बॅगेत डोकावून विचारलं.

"पाणी तापवाची रॉड. बर्फाच्या देशात काय थंड्या पाण्यानं आंघोळ करतं?"

"अवो, जहाजात गरम पाणी राहते म्हणे. मिलिंदराव म्हणत होते का..."

"त्याचं नाव नको काढू वं या घरात!"

रॉड मी टॉवेलात गुंडाळून ठेवली. मग बॅगेचं कव्हर. आमच्या घरात बॅगेला कव्हर शिवायची पद्धत माझ्या वडिलांपासूनची आहे. नवी बॅग आली की ती मळू नये म्हणून तिला आधी जुन्या चादरीचं झबलं शिवायचं. आमच्याकडे एक बॅग अशी आहे की तिचा मूळ रंग कुणीच पाहिलेला नाही. या निळ्या बॅगेला मी मोठ्या मोठ्या गुलाबी फुलांच्या चादरीचं कव्हर चढवलं. राहता राहिला अनिकेतनं पाठवलेला खोलीच्या नंबरचा कागद. तो बाहेर बांधला तर फाटणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणून मी तो बॅगेच्या हँडलला बांधला, वरून कव्हर ओढलं आणि दाभण घेऊन सगळं पक्कं शिवून टाकलं. अगदी टापटीप! बायकोनं मात्र तिच्या बॅगेला कव्हर घालू दिलं नाही. तिनं कागद बाहेरून बांधला. तिला धाकट्या बहिणीची जास्तच माया.

सिअ‍ॅटलच्या बंदरावर अनिकेतनं आम्हाला सोडलं. हमालाचं काम करणाऱ्या एका धिप्पाड माणसानं माझी बॅग उचलली, चारही बाजूंनी फिरवून पाहिली आणि "टॅग?" असं विचारलं. मी बॅगेच्या पोटावर दोनदा थोपटलं आणि म्हणालो, "इनसाइड!" त्यानं बॅग पुन्हा एकदा चारही बाजूंनी फिरवली. मागची रांग ओरडायला लागली, तेव्हा त्यानं बॅग गाड्यावर टाकली. मी अंगात हाफ शर्ट, खांद्यावर चिवड्याची पिशवी अशा थाटात अलास्काला निघालो.

संध्याकाळी बायकोची बॅग खोलीच्या दारात आली. माझी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी खालच्या काउंटरवर तक्रार केली. तिथल्या मुलीनं फार आस्थेनं बॅगेचं वर्णन विचारलं.

"ब्लू," मी ठासून सांगितलं. "बिग. प्लेन ब्लू."

मुलीनं सगळीकडे फोन केले. जहाजावर निळी बॅग कुठेच नव्हती! मग तिनं सहज विचारलं, एक मोठ्या फुलांची, बिननावाची बॅग पडली आहे, ती तुमची नाही ना? मी हसलो. म्हटलं, मी काय फुलाफुलांची बॅग घेऊन फिरणारा माणूस वाटतो का? (सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला कव्हर म्हणजे बॅग नव्हे, हे पक्कं माहीत असतं. बाहेरून पाहणाऱ्याचं तसं नसतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.) रोज सकाळ-संध्याकाळ मी त्या काउंटरवर जाऊन भांडायचो आणि रोज ती मुलगी मला धीर देऊन परत पाठवायची. फुलांची बॅग तिच्या पाठीमागेच ठेवलेली असायची.

जहाज आतून चांगलं गरम होतं, म्हणून हाफ शर्टावर निभावलं. तो मी रात्री धुवायचो, सकाळी घालायचो. मधे समुद्र जरा खवळला. कन्हानच्या पुरात डोंग्यातून पलीकडे गेलेला माणूस मी! मला काय होणार? तासाभरात मी पलंगावर आडवा होतो आणि खोलीचं छत माझ्याभोवती फेर धरून नाचत होतं. बायकोनं एक सफरचंद माझ्या हातात ठेवलं. हिरवं! मी भिंतीकडे तोंड करून ते खाल्लं. बरं वाटलं, त्याचा राग वेगळाच आला.

आणि मग हिमनदीचा दिवस उजाडला. सगळी सफर ज्यासाठी केली तो एक फोटो त्या दिवशी निघायचा होता. तो कूलरच्या वर टांगला जाणार, आधीचा उतरणार आणि खुर्ची माझी मला परत मिळणार. मी अंगात हाफ शर्ट, त्यावर बायकोची शाल आणि त्यावर खोलीतलं पांघरूण असा जामानिमा करून डेकवर गेलो. दार उघडलं आणि वाऱ्यानं माझ्या तोंडात अशी फाडकन मारली की मी जिथल्या तिथे वळून परत आत आलो.

"चला नं," बायको म्हणाली.

"जाऊन राहिलो! पाहू त दे पयले कोणत्या बाजूले आहे."

हिमनदी डाव्या बाजूला होती. मी डावीकडे धावलो. तिथे माणसांच्या रांगा. एवढ्यात बोट वळायला लागली, म्हणून मी उजवीकडे धावलो. तोवर बोट आणखी वळली आणि हिमनदी मागे गेली. मी मागे धावलो. पांघरूण एका कठड्याला अडकून तिथेच राहिलं. लोक एकेका जागी शांत उभे होते, हिमनदी आपल्या पायांनी त्यांच्यासमोर येत होती आणि मी तिच्या मागे डेकभर फिरत होतो. शेवटी मी बायकोजवळ पोचलो, तेव्हा माझे दात असे वाजत होते की बाजूच्या गोऱ्या आजीबाईनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं.

बायकोनं पिशवीत हात घातला आणि बाहेर काढलं ते काय? संत्र्याच्या रंगाचं जाकीट!

"वैशालीनं देल्लं होतं चुपचाप," ती म्हणाली. "घाला."

"म-म-मरीन, पण त्या मा-मा-माणसाचं जाकीट..."

"मरा मग. फोटो कोनाचा काढू?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी हात वर केले. तिनं लहान पोराला घालावं तसं मला जाकीट घातलं, टोपी चढवली, मफलर नाकापर्यंत गुंडाळला आणि स्वतःचा काळा चष्मा माझ्या डोळ्यांवर लावला. आणि काय सांगू! असं ऊबदार जाकीट मी जन्मात घातलं नव्हतं. त्या क्षणी मला मिलिंदरावांचा जितका हेवा वाटला तितका खुर्चीच्या वेळीही वाटला नव्हता.

मागे हिमनदी, पुढे मी. बर्फाचा एक सुळका तोफ डागल्यासारखा आवाज करत पाण्यात कोसळला आणि बायकोनं नेमका त्या क्षणी फोटो टिपला. अप्रतिम फोटो!

"तोंड दिसून नाही राहिलं जी," ती म्हणाली. "टोपी काढा आता, चष्मा बी काढा. अजून एक घेते."

मी टोपी काढली. चष्मा काढला. मफलर खाली केला. छाती पुढे काढली. हिमनदीकडे पाठ करून असा काही हसलो की बस!

"अवो," बायको म्हणाली, "मोबाइल बंद पडला."

सकाळपासून तिच्या हातात तो माझाच मोबाइल होता. आतल्या खिशात ठेवायचा नाही, हा हुकूमही माझाच.

सफरीच्या अखेरीस सगळे प्रवासी आपापल्या बॅगा घेऊन गेले आणि काउंटरमागे एकच बॅग उरली, तेव्हा त्या मुलीनं कात्री आणून तिची शिवण उसवली. गुलाबी फुलांमधून माझी निळी बॅग बाहेर आली. मग तिथल्या एका अधिकाऱ्यानं आतली रॉड दोन बोटांत धरून वर उचलली आणि हे काय आहे, असं विचारलं. मी त्यांना हातवारे करून बादली दाखवली, तिच्यात रॉड सोडून दाखवली, पाणी अंगावर घेऊन दाखवलं. त्यांनी आपसात काहीतरी बोलून रॉड ठेवून घेतली. ती आता कुठे असेल कोण जाणे.

परत आलो ते थेट नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत. नागपूर भट्टीसारखं पेटलेलं आणि खाप्याला सगळे जमलेले. मी दारातून आत शिरलो, कूलरसमोरच्या खुर्चीत बसलेल्या मिलिंदरावांकडे पाहून फक्त हसलो आणि मोबाइल वैशालीच्या हातात दिला. तिनं तो टीव्हीला जोडला. पडदाभर हिमनदी! पुढे नारिंगी जाकीट!

सासूबाईंनी चष्मा पुसला, पडद्याकडे पाहिलं, मग कूलरच्या वरच्या फ्रेमकडे पाहिलं.

"काहून जी मिलिंदराव," त्या कौतुकानं म्हणाल्या, "याही वर्षी जाऊन आले? सांगतलं बी नाही!"

"आई, तो मी आहो!" मी ओरडलो. (कूलर चालू होता, ओरडावंच लागतं.)

"तुमी? तुमी कुठं दिसून राहिले? जाकीट त त्याइचं आहे."

"जाकिटात मी आहो नं!"

सासूबाईंनी सुनंदाकडे पाहिलं. ती पदर तोंडात कोंबून हसत होती, तिच्याकडून साक्ष मिळण्याची आशा नव्हती. मदतीला धावून आले ते मिलिंदरावच. तेवढ्यासाठी मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

"आई, ते प्रकाशरावच आहेत हो," ते पुणेरी गोडव्यानं म्हणाले. "थंडी सहन होईना त्यांना, म्हणून माझं जाकीट घातलं. वैशालीनं पाठवलं होतं ना, नाहीतर काही खरं नव्हतं!"

सासूबाईंचा चेहरा झर्रकन बदलला. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या दंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "अरे बाप्पा! एवढी थंडी बाधली माया जवायाले? अन् मी त्याइले इतके वर्षं या कूलरच्या तोंडावर बसवत होती! उठा जी, दिवाणावरही नका बसू. हवा लागन. सुनंदा, त्याइले ओसरीत खाट टाकून दे वं. अन् शाल आण."

"आई, मले गरम होऊन राहिलं!"

"ताप भरला असन," सासूबाई म्हणाल्या आणि आल्याचा काढा करायला आत गेल्या.

तर आता माझी स्वतःची सूचना. हिमनदीसमोर कितीही थंडी वाजो, पहिल्याच फोटोला तोंड टोपीबाहेर काढा. मी ते दुसऱ्यासाठी ठेवलं, म्हणून हे सगळं मी खाप्याच्या ओसरीत, रणरणत्या उन्हात, शाल पांघरून लिहितो आहे. आत कूलर घुमतो आहे, मिलिंदराव गप्पा मारत आहेत, आणि मधूनमधून वैशाली मला हाक मारते, कारण कूलरमध्ये पाणी टाकायचं असतं आणि नळ ओसरीतून जवळ पडतो.